गाडी चोरीला गेली आणि आता विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर माझीच चौकशी करतोय

पाचवा_मजला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

पाच आठवड्यांपूर्वी बिल्डिंगखालून माझी सहा वर्षं जुनी हॅचबॅक चोरीला गेली. शनिवारी रात्री लावली, रविवारी सकाळी साडेसहाला दूध आणायला उतरलो तर जागा रिकामी. आधी वाटलं टोइंगवाल्यांनी उचलली. ११२ ला फोन केला, पोलीस ठाण्यात गेलो. "आधी आसपास शोधा, कुणी ओळखीच्यानं नेली असेल" वगैरे झालं, पण संध्याकाळपर्यंत एफआयआर नोंदवला. पॉलिसीची प्रत गाडीतच होती, त्यामुळे विमा कंपनीला कळवायला तिसरा दिवस उजाडला.

महिनाभर काही हालचाल नाही. मग परवा एका गृहस्थांचा फोन. "कंपनीकडून बोलतोय, तुमच्या क्लेमचा इन्व्हेस्टिगेटर आहे, घरी येऊन जबाब घ्यायचाय." वर मागणी अशी: दोन्ही किल्ल्या, आरसी, सर्व्हिसचे कागद, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मोबाईलचे कॉल डिटेल्स. आवाज असा की मीच गाडी विकून खाल्ली.

अडचण एकच आहे. गाडीबरोबर आलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक २०२१ मध्ये पाण्यात पडून बाद झाली. तिच्या जागी सर्व्हिस सेंटरमधून नवी करून घेतली. म्हणजे माझ्याकडे दोन किल्ल्या आहेत, पण त्या जुळ्या नाहीत. एकीचं बटण झिजून त्यावर इन्सुलेशन टेप लावलेली, दुसरी अजून नवरीसारखी चकचकीत. बाद झालेली कुठे टाकली ते आता आठवत नाही.

हे त्यांना सांगू का? घाबरायला हवं का? शनिवारी येणार आहेत.

शंकासूर

पीयूसी संपली होती का? संपली असेल तर क्लेम विसरा.

गॅरेजवाला

शंकासूर, ही व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा आहे. पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही असं इर्डाने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) ऑगस्ट २०२० मध्येच स्पष्ट केलंय. पीयूसी रिन्यूअलच्या वेळी बघतात, ती भानगड वेगळी. आणि गाडी उभ्या उभ्या चोरीला गेली राव, धुराचा काय संबंध?

धागाकर्ते, किल्लीचं टेन्शन घेऊ नका, जॉब कार्ड (सर्व्हिस सेंटर केलेल्या कामाची नोंद लिहून देतं तो कागद) शोधा. नवी किल्ली कोड करताना बहुतेक गाड्यांमध्ये जुन्या नोंदी पुसून हातात असलेल्या किल्ल्याच पुन्हा नोंदवतात. तसं झालं असेल तर ती हरवलेली किल्ली कुणाला सापडली तरी इंजिन चालू होणार नाही. हे जॉब कार्डावर किंवा सर्व्हिस सेंटरच्या संगणकात असतं. गाडी क्रमांक सांगून लेखी घ्या.

उंटावरचा_शहाणा

इतका विचार कशाला? टेपवाली किल्ली जरा पॉलिश करा, दोन्ही ओरिजिनल म्हणून द्या. कोण बघतंय? त्यांनाही फाईल बंद करायची असते.

जुना_सर्व्हेअर

कोण बघतंय? आम्ही बघायचो ना!

मी परवानाधारक सर्व्हेअर होतो, आता निवृत्त. विमा कंपनी किल्ली गाडीच्या कंपनीच्या डीलरकडे पाठवून क्रमांक तपासून घेऊ शकते. काही गाड्यांच्या किल्लीत शेवटचं किलोमीटर रीडिंगसुद्धा साठलेलं असतं. सहा वर्षं वापरलेली किल्ली आणि कालची किल्ली यातला फरक पात्यावरच्या चऱ्यांवरून नुसत्या डोळ्यांनी कळतो. खोटं एकदा पकडलं गेलं की मग बाकी सगळं खरं असूनही उपयोग नाही. विमा करार परम विश्वासावर चालतो आणि पॉलिसीतली फसवणुकीची अट कंपनी पहिल्या पानापासून लावते. उंटावरच्या शहाण्यांचं ऐकलं असतं तर धागाकर्त्यांच्या खऱ्या चोरीचा त्यांनी स्वतःच्या हातानं खोटा क्लेम करून ठेवला असता.

आता धागाकर्त्यांसाठी जरा सविस्तर.

सर्व्हेअर आणि इन्व्हेस्टिगेटर ही दोन वेगळी माणसं. सर्व्हेअरला इर्डाचा परवाना असतो. मोटार क्लेम ५० हजारांच्या वर गेला की नुकसानीचं मोजमाप त्यानेच करायचं असतं. इन्व्हेस्टिगेटरला तसा परवाना लागत नाही. कंपनीनं नेमलेली एजन्सी असते, बऱ्याचदा त्यात निवृत्त पोलीस असतात, म्हणून तो आवाज. तो पोलीस नाही. तुम्हाला बोलावून घेण्याचा, बसवून ठेवण्याचा, फोन हातात घेऊन चाळण्याचा त्याला काडीचा अधिकार नाही. पण चौकशीला सहकार्य करणं तुमच्यावर पॉलिसीप्रमाणे बंधनकारक आहे, त्यामुळे "मी भेटतच नाही" असंही म्हणता येत नाही. या दोन्हींच्या मधून वाट काढायची.

तो काय शोधतो ते कळलं की भीती निम्मी होते. चोरीच्या क्लेममध्ये त्याच्या डोक्यात साधारण असे प्रश्न असतात. गाडी खरंच त्या रात्री तिथे होती का? वॉचमन, शेजारी, सीसीटीव्ही, फास्टॅगच्या नोंदी यातून तो ते काढतो. मालकाला गाडीपासून सुटका हवी होती का? हप्ते थकले होते का, इंजिनचं मोठं काम निघालं होतं का, विकायला जाहिरात टाकली होती का? बँक स्टेटमेंट यासाठी मागतात. खासगी गाडी भाड्यानं फिरत होती का? मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत क्लेम घेऊन इथे नो क्लेम बोनस लाटला का? हा प्रश्न ते तुम्हाला विचारतच नाहीत, परस्पर जुन्या कंपनीला विचारतात. आणि शेवटचं, तुम्ही गाडीची वाजवी काळजी घेतली होती का? सगळ्या किल्ल्यांचा घोळ या शेवटच्या प्रश्नात येतो.

शनिवारी येतील तेव्हा आधी कंपनीचं नेमणूकपत्र बघा, त्यावर तुमचा क्लेम क्रमांक हवा. फोटो काढून ठेवा. घरातलं एक मोठं माणूस शेजारी बसवा. कागद देताना प्रती द्या आणि काय दिलं त्याची यादी त्यांच्या सहीनं घ्या. किल्ल्या शक्यतो कंपनीच्या कार्यालयात पोच घेऊन द्या, त्यांच्या हातात नको. दिल्याच तर आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, क्रमांकासकट.

जे आठवत नाही त्याला "आठवत नाही" म्हणा. अंदाजे वेळ सांगून मोकळे होऊ नका. एफआयआरमध्ये रात्री साडेदहा म्हटलंय आणि जबाबात साडेअकरा, एवढ्यावर अहवालात "विसंगती" असा मथळा येतो. आधी एफआयआर दोनदा वाचा. फिर्यादीला प्रत फुकट मिळते, नसेल तर आजच घ्या.

रातराणी_७

जुना_सर्व्हेअर काका म्हणतात ते अगदी खरं. आमची कथा सांगते. यात चूक आमचीच होती.

तीन वर्षांपूर्वी मी गाडी चालवत असताना दुभाजकावर धडकले. कपाळाला तीन टाके, बाकी कुणाला काही नाही. माझं लायसन्स संपून चार महिने झाले होते. सासऱ्यांच्या एका मित्रानं सांगितलं, क्लेम फॉर्मवर नवऱ्याचं नाव टाक. टाकलं.

इन्व्हेस्टिगेटर आला, चहा प्यायला, छान बोलला. मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीत डोकावून आला. आमचे हे सहा फूट. ड्रायव्हरची सीट इतकी पुढे ओढलेली होती की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागले असते. धडक बसल्यापासून सीटला कुणी हात लावला नव्हता. त्यात दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी मी सांगितलं तसंच लिहिलेलं: "गाडी चालवताना धडक." क्लेम गेला. लायसन्सवरून गेला असता तर निदान भांडता आलं असतं, खोटं बोलल्यावर कुठल्या तोंडानं भांडणार?

तर धागाकर्ते, किल्लीचं जसं आहे तसं सांगा.

काळा_कोट

दोन गोष्टी जोडतो.

एक, तीन दिवसांनी कळवलं म्हणून इन्व्हेस्टिगेटर तुम्हाला टोचेल. घाबरू नका. गुरशिंदर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय की चोरीचा एफआयआर ताबडतोब नोंदवला असेल आणि चोरी खरी निघाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्यामुळे क्लेम नाकारता येणार नाही. त्याआधी २०१७ च्या ओम प्रकाश खटल्यातही उशिराचं खरं कारण असेल तर तांत्रिक मुद्द्यावर क्लेम उडवू नये असं म्हटलं होतं. तुमचा एफआयआर त्याच दिवशीचा आहे. उशिराचं कारण (पॉलिसी गाडीत होती) जबाबात जसंच्या तसं येऊ द्या.

दोन, कागदपत्रांचा मारा. इर्डाच्या जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम नाकारता येत नाही. क्लेमशी थेट संबंध असलेलीच कागदपत्रं मागायची आहेत. त्यात क्लेम फॉर्म, लायसन्स, एफआयआर, तपास न लागल्याचा अहवाल वगैरे उदाहरणं दिली आहेत. कॉल डिटेल्स त्या यादीत नाहीत. तुमचे कॉल डिटेल्स मोबाईल कंपनीकडून परस्पर मिळवायचा अधिकार इन्व्हेस्टिगेटरला नाही, म्हणून तो तुमच्याकडे मागतोय.

नवखा_चालक

पण लपवायचं काहीच नसेल तर देऊन टाकायला काय हरकत आहे? मी तर अख्खा फोन हातात दिला असता.

काळा_कोट

नवखा_चालक, फोनमध्ये तुमचं एकट्याचंच आयुष्य असतं का? एखाद्या मित्राला कधीतरी "ही गाडी विकून टाकावी म्हणतो" असं लिहिलेलं सापडलं की झालं. प्रत्येक गाडीमालक वर्षातून दोनदा असं म्हणतो. संदर्भाबाहेर वाचलं की तोच हेतू ठरतो.

जुना_सर्व्हेअर

मी थोडा मधला आहे. त्या रात्री तुम्ही घरीच होता हे दाखवणारी एखादी नोंद असेल तर ती तुमच्याच बाजूची आहे, तेवढी द्या. सरसकट तीन महिन्यांचं नको. "कोणत्या मुद्द्यासाठी हवंय ते ईमेलवर कळवा, तेवढं देतो" असं नम्रपणे म्हणायचं. दहातल्या आठ वेळा तो ईमेल येतच नाही.

पाचवा_मजला (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार पार पडला. लिहायला उशीर झाला कारण डोकं शांत व्हायला दोन दिवस लागले.

गृहस्थ अकराला आले. नेमणूकपत्र मागितल्यावर जरा वरमले, पण दाखवलं. बायको शेजारी बसली होती. दीड तास प्रश्न. गाडी कुणी कुणी चालवली, शेवटचं पेट्रोल कुठे भरलं, ऑफिसला जायला आता काय वापरता, नवी गाडी बुक केली का. (नाही केली. रिक्षानं जातोय.) वॉचमनला वेगळं बोलावून विचारलं. सोसायटीचा कॅमेरा दोन महिन्यांपासून बंद आहे, हे ऐकून त्यांनी वहीत काहीतरी अधोरेखित केलं. कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचा ठराव मीटिंगमध्ये अडला होता, त्याचं इतिवृत्त सेक्रेटरींकडून आणून दिलं.

मग जबाब. रेघांच्या फुलस्केपवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, अडीच पानं, आणि पेन माझ्यापुढे केलं. "सही करा, नेहमीचंच आहे."

मी वाचायला घेतला. ते म्हणाले, "अहो तुम्ही सांगितलंय तेच लिहिलंय." अक्षर मोडी आहे की काय असं वाटावं इतकं गिचमिड, तरी वाचलं. दुसऱ्या पानावर मधोमध हे वाक्य: "सदर गाडीची एक किल्ली बऱ्याच दिवसांपासून सापडत नव्हती."

मी असं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, २०२१ मध्ये एक किल्ली पाण्यात पडून बंद पडली म्हणून सर्व्हिस सेंटरमधून बदलून घेतली. हे सांगितलं तर म्हणे, "अर्थ एकच ना." बायको म्हणाली, "एकच असेल तर आमच्या शब्दांत लिहा." पाच मिनिटं घरात कुणी काही बोललं नाही. शेवटी त्यांनी ते वाक्य खोडलं, बाजूला माझं वाक्य लिहिलं, मी खोडलेल्या जागी सही केली, त्यांना करायला लावली. मग प्रत्येक पानाचा फोटो काढला. शेवटच्या ओळीखालची मोकळी जागा तिरकी रेघ मारून बंद केली. हे मला वडिलांनी शिकवलंय, ते बँकेत होते.

जाता जाता जिन्यात मला एकट्याला गाठून म्हणाले, "रिपोर्ट कसा जावा ते बघा, आपण समजून घेऊ एकमेकांना." मी काही बोललो नाही. आता काय करू?

गॅरेजवाला

वहिनींना सलाम!

रातराणी_७

"आमच्या शब्दांत लिहा." वाचनखूण साठवली.

जुना_सर्व्हेअर

ते एक वाक्य राहिलं असतं तर काय झालं असतं ते सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. "किल्ली सापडत नव्हती" याचा अर्थ गाडीची चालू किल्ली बाहेर कुठेतरी फिरतेय आणि मालक कुलूप न बदलता गाडी रस्त्यावर लावतोय. म्हणजे वाजवी काळजी घेतली नाही, म्हणजे पॉलिसीच्या अटीचा भंग. "किल्ली बाद झाली, बदलली" यात तुम्ही शहाण्या माणसासारखे वागलात. घटना तीच, पण एका वाक्यात अख्खी आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) गेली असती. त्यांनी मुद्दाम लिहिलं असेल असंही मी म्हणत नाही. शेकडो जबाब लिहून हात आपोआप ठरलेली वाक्यं लिहायला लागतो, मी पाहिलंय.

जिन्यातल्या बोलण्याचं: एक रुपया देऊ नका. दिलात तर तुम्हीच फसवणुकीत सामील. आज रात्रीच कंपनीच्या क्लेम मॅनेजरला ईमेल टाका. आरोप करू नका, नुसती हकीगत: अमुक तारखेला जबाब झाला, पानांचे फोटो जोडले आहेत, जबाबात अमुक दुरुस्ती दोघांच्या सहीनं झाली आहे, यापुढचा सगळा संपर्क कृपया लेखी ठेवावा. जिन्यातलं वाक्यही तारीख-वेळेसकट शांतपणे लिहा. उद्या अहवाल वाकडा आला तर हा ईमेल त्याच्या आधीचा आहे याला फार किंमत असते.

आणि जॉब कार्ड?

पाचवा_मजला (धागाकर्ता)

मिळालं! सर्व्हिस सेंटरच्या बाईंनी अर्धा तास शोधून काढलं. "किल्ली नग १, कोडिंग, एकूण नोंदलेल्या किल्ल्या २" असं छापलेलं आहे. तेही ईमेलला जोडलं.

शंकासूर

अवांतर: माझ्या शेजाऱ्यानं जुनी गाडी घेतली, आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, विमा पण. चोरीला गेली तर?

काळा_कोट

अवांतर नाही, फार लोक यात अडकतात. गाडी विकल्यावर थर्ड पार्टीचा विमा कायद्यानं आपोआप नव्या मालकाकडे जातो, मोटार वाहन कायद्याचं कलम १५७. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. शेजाऱ्यांना उद्या सकाळी पाठवा.

आणि नव्या गाडीवाल्यांनो, तात्पुरतं रजिस्ट्रेशन संपू देऊ नका. २०२१ मध्ये सुशील कुमार गोदारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच कारणानं चोरीचा क्लेम नाकारणं योग्य ठरवलंय.

पाचवा_मजला (धागाकर्ता)

धागा वर काढतोय. साडेतीन महिने झाले.

पोलिसांचा 'अ समरी' अहवाल, म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही असा, कोर्टातून मंजूर होऊन मिळाला. त्यासाठी किती खेटे घातले ते विचारू नका. तो जमा केला आणि गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. क्लेम मंजूर, पण "नॉन-स्टँडर्ड" (म्हणजे अटीचा भंग झाला म्हणून कापून द्यायचा) धरून आयडीव्हीच्या ७५ टक्के. कारण एका ओळीचं: "किल्ल्यांबाबत वाजवी काळजीचा अभाव." सोबत डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे एवढी रक्कम मान्य आहे अशी पावती, सही करून पाठवा म्हणे. आयडीव्ही ४ लाख ३६ हजार आहे, म्हणजे लाखाच्या वर फटका.

घरचे म्हणतात घेऊन टाक, सुटलो. मला पटत नाहीये.

उंटावरचा_शहाणा

(मागच्या सल्ल्याबद्दल कान पकडतो.) पण ७५ टक्के हातात येत असतील तर घ्या हो. कोर्टात गेलात तर नातवाला मिळतील.

काळा_कोट

थांबा, सही करू नका.

७५ टक्क्यांचा तोडगा २०१० च्या अमलेंदु साहू खटल्यापासून रुळलाय. पण तो अटीचा भंग झाला असेल तेव्हाचा आहे. २०२३ मध्ये अशोक कुमार खटल्यात ड्रायव्हर किल्ली आत ठेवून थोड्या वेळासाठी उतरला आणि ट्रक गेला, तिथेसुद्धा न्यायालयानं ७५ टक्के द्यायला लावले. किल्ली आत ठेवणाऱ्याला जर ७५, तर दोन्ही किल्ल्या हातात असलेल्याला का? भंग कुठे आहे ते त्यांना दाखवायला सांगा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा आणि इन्व्हेस्टिगेशन रिपोर्टची प्रत मागा. सोबतच इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा. एक महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तिथे मनासारखं झालं नाही तरी ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं, त्याला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. मात्र आधी ग्राहक आयोगात गेलात तर तेच प्रकरण लोकपाल घेणार नाहीत. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

आणखी एक, ते ७५ टक्क्यांचं पत्र जपून ठेवा. कंपनीनं पत्रात जे कारण दिलं त्यापलीकडचं नवं कारण पुढे काढता येत नाही, सौराष्ट्र केमिकल्स खटल्यात २०१९ मध्ये हे स्पष्ट झालंय. म्हणजे त्यांच्या हातात आता फक्त किल्लीचा मुद्दा आहे, आणि किल्लीचं जॉब कार्ड तुमच्या हातात.

जुना_सर्व्हेअर

व्हाउचरबद्दल: "पूर्ण आणि अंतिम" असं छापलेलं असतं. सही दबावाखाली झाली असं नंतर सिद्ध करता येतं, १९९९ चा निकाल आहे तसा, पण सिद्ध तुम्हाला करावं लागतं. कशाला ती उठाठेव? आधीच नको म्हणा.

पत्र छोटं ठेवा. मोठी पत्रं कुणी वाचत नाही. मी असतो तर तीनच गोष्टी लिहिल्या असत्या: नोंदलेल्या किल्ल्या दोन, जमा केलेल्या किल्ल्या दोन, जबाबातली दुरुस्ती दोघांच्या सहीची. तर मग अभाव कशाचा?

पाचवा_मजला (धागाकर्ता)

जुना_सर्व्हेअर काका, तुमचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं टाकलं पत्रात.

तेवीस दिवसांनी उत्तर आलं. "पुनर्विचाराअंती" वगैरे. पूर्ण आयडीव्ही, त्यातून सक्तीची वजावट एक हजार, बस्स. इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट काही दिला नाही, पण फोनवर बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडून निसटलं की अहवालात "किल्ली हरवल्याचे मालकाने मान्य केले" असं होतं. जबाबाचे फोटो पाहिल्यावर त्यांनाच मेळ लागेना.

पण पैसे अजून नाहीत! का, तर आरसीवर बँकेचा बोजा आहे. कर्ज आठ महिन्यांपूर्वी फिटलंय, एनओसी कपाटात पडून आहे, पण आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा आळस केला. कंपनी म्हणते आरसीवर बँकेचं नाव असेल तर पैसे बँकेला जाणार. आता चोरीला गेलेल्या गाडीचा बोजा उतरवायला आरटीओच्या खिडकीवर उभा आहे, फॉर्म ३५ हातात घेऊन. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "गाडी कुठे आहे?" मी म्हटलं, "तेच तर."

गॅरेजवाला

😂 साहेब, फॉर्म २८, २९, ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) पण कंपनी सही करून मागेल. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, गाडी क्रमांक आणि कंपनीचं नाव भरून मगच द्या. चोरीची गाडी उद्या सापडली तर तुमच्या कोऱ्या सह्या कुणाच्या हातात असतील सांगता येत नाही.

रातराणी_७

अभिनंदन! मी आल्या आल्या लायसन्सची तारीख बघितली. २०३१ पर्यंत आहे.

पाचवा_मजला (धागाकर्ता)

काल पैसे जमा झाले. चोरीपासून १६३ दिवस. टेपवाली किल्ली द्यायला उगाच जीवावर आलं.

शिकाऊ_उमेदवार

नमस्कार, नवीन आहे इथे. माझ्या मेहुण्याची गाडी परवा रात्री चोरीला गेली. त्यांनी अजून पोलिसांत काही दिलेलं नाही, म्हणतात दोन-चार दिवस वाट बघू, सापडेल. क्लेमला काही अडचण येईल का?

जुना_सर्व्हेअर

मेहुण्यांना आत्ता उठवा आणि पोलीस ठाण्यात घेऊन जा. धागा नंतर वाचा.